जोडवी तीनदा सैल केली

"कापावी लागतील," नर्स म्हणाली. तिच्या हातात पट्ट्या कापायची कातर होती आणि नजर माझ्या पायांवर. बोटं वांग्याच्या रंगाची झाली होती. जोडवी मांसात बुडाली होती.

मला बोलता येत नव्हतं. तोंडावर मास्क होता. आडवं केलं की गुदमरायला व्हायचं, म्हणून पाठीशी उशा लावून मला खाटेवर बसवून ठेवलं होतं. एक श्वास आत गेला की दुसरा मिळेल का, एवढाच विचार. सकाळचे अकरा वाजले असतील. खिडकीबाहेर कुणीतरी चहावाल्याला ओरडून सांगत होतं, "साखर कमी टाक." मी इथं मरतेय आणि याला साखरेची काळजी, याचा मला फार राग आला. त्या रागानंच थोडी शुद्ध राहिली असं मला आजही वाटतं.

माझी सून मनीषा रडायला लागली. ती मला आत्ती म्हणते. "आत्ती, जोडवी न्हाय कापायची ओ. तात्या समोर उभं हाईत की."

तात्या म्हणजे माझा नवरा. मी मास्क बाजूला ओढला आणि नर्सला म्हणाले, "काप."

तिनं कातर लावली. चांदी तुटेना. तेव्हा तात्या पुढं आले. "सिस्टर, ते तसं न्हाय तुटायचं. सरका जरा." ते कामावरून तसेच उठून आले होते, सदऱ्याच्या खिशात तार तोडायची पकड होती. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि एका दमात जोडवी तोडली. कुठं तोडायचं ते त्यांना बघावं लागलं नाही. तिथला जोड त्यांनीच घातला होता.

नागीण

आम्ही हुपरीचे. घरात पैंजणाचं काम आहे. तात्या आणि मुलगा दिलीप झाळायचं, म्हणजे दिव्याच्या ज्योतीवर चांदीचे जोड बसवायचं काम करतात, मी आणि मनीषा कड्या जोडतो, घुंगरं लावतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी जमिनीवर एक पाय मुडपून हेच काम करत आले.

आषाढात डाव्या बरगडीखाली फोड उठले. नागीण. गल्लीतल्या बायका जमल्या. "दोन टोकं मिळू दिऊ नको, मिळाली की मानूस जातंय." एका म्हाताऱ्यानं येऊन काव उगाळून दोन्ही बाजूंना रेघा ओढल्या. टोकं मिळाली नाहीत. पण त्यात आठ दिवस गेले आणि मग मी डॉक्टरकडं गेले. ते म्हणाले, फोड उठल्याबरोबर आला असता तर पुढचं दुखणं कदाचित वाचलं असतं. ज्यांना नागीण होईल त्यांनी रेघा नंतर ओढाव्यात, आधी डॉक्टर गाठावा.

फोड वाळले आणि दुखणं मागं राहिलं. झाळायच्या दिव्याची ज्योत कुणी बरगडीवर धरून बसावं तसं. पोलक्याचं कापड टेकलं तरी मी ओरडायची. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्याची कॅप्सूल लिहिली. लिहिण्याआधी विचारलं, "मावशी, हृदयाचा काही त्रास? आधी कधी अॅडमिट होता?"

मी म्हणाले, "न्हाय."

चार वर्षांपूर्वी छातीत दुखलं म्हणून मी कोल्हापुरात आठ दिवस काढले होते. हृदय कमजोर आहे असं सांगून गोळ्या दिल्या होत्या, त्या मी रोज खात होते. पण तसं सांगितलं तर हा डॉक्टर मला तपासण्यांना कोल्हापूरला धाडणार आणि कॅप्सूल लांबणार, हे मला कळत होतं. मला त्या घडीला कॅप्सूल पाहिजे होती. म्हणून खोटं बोलले. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं कुणी त्या डॉक्टरांना नावं ठेवायला नको.

गोळीनं आराम पडला. झोप लागली. चालताना तोल जायचा, दिलीप म्हणायचा, "आई, पिऊन आलीस काय?" पण दुखणं निम्मं झालं. एकीनं एवढं बरं वाटतं तर दोन घ्याव्यात, असं मी ठरवलं आणि सकाळी एक, रात्री एक सुरू केली. कुणाला सांगितलं नाही.

नवरात्रात माझी आक्का मुरगूडहून चार दिवस राहायला आली. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. साखर आहे, तळपाय जळतात. माझ्यासमोर रात्रभर पाय ओल्या फडक्यात गुंडाळून बसायची. मी तिला जाताना लुगडं दिलं, सांडगे दिले आणि त्या कॅप्सूलची तीन पाकिटं दिली. वर रिकामं पाकीट दिलं, संपली की दुकानात दाखव म्हणून. आक्काच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवलेली मला ठाऊक होती. पण नसांची गोळी नसांत जाते, हृदयाशी तिचं काय देणंघेणं, असा माझा समज. आमच्यात बहीण रिकाम्या हातानं जात नाही.

जोडवी

गौरीच्या आधी माझी जोडवी रुतायला लागली.

दुसऱ्या गावातली बाई असती तर सोनाराकडं गेली असती. सोनार म्हणाला असता, मावशी, जोडवं लहान झालं नाही, पाय सुजलाय. आमच्या घरात सोनाराकडं कुणी जातच नाही. तात्यांनी जोडवी तोडून काढली, तारेचा गव्हाएवढा तुकडा घातला, झाळलं, कानस फिरवली. चहा उकळायच्या आत काम झालं. जोड कुठं आहे ते शोधून सापडत नव्हतं. मी कौतुक केलं.

दसऱ्याला पुन्हा रुतली. पुन्हा तुकडा. दिवाळी झाल्यावर तिसऱ्यांदा. तात्या म्हणाले, "म्हातारपनी पाय वाढाय लागला काय तुजा?" मी म्हणाले, "तुमची जीभ वाढती ती चालती व्हय?" आणि दोघं हसलो. हुपरीत पाय सगळ्यांचे सुजतात. दिवसभर बसून काम. त्याला कुणी आजार म्हणत नाही.

मनीषानं तीनदा सांगितलं, दाखवूया म्हणून. तिसऱ्यांदा मी तिला म्हणाले, "काम नको वाटतंय तर तसं सांग की, माझ्या पायावर कशाला घालतीस?" तिनं परत विषय काढला नाही. तिची माफी मी मागितली आहे, पण दवाखान्यातून आल्यावर. तेव्हा मागायला पाहिजे होती.

मग देवळाच्या पायऱ्या चढवेनात. मग मोरीपर्यंत जाताना मध्ये थांबावं लागायला लागलं. मग आडवं पडता येईना, खुर्चीत बसून डुलक्या काढायला लागले. तेही मी वयावर ढकललं. एक दिवस सकाळी घुंगरांचा डबा पुढ्यात घेतला आणि श्वासच येईना. हाक मारायला सुद्धा श्वास लागतो, हे तेव्हा कळलं. मी डबा लाथेनं उडवला. घुंगरं सगळ्या सोप्यात गेली, त्या आवाजानं मनीषा धावत आली.

सूज कधीपासून

दोन-तीन इंजेक्शनं झाल्यावर मला शब्द फुटायला लागले. डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या नातीएवढ्या. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो तसाच राहिला.

"आजी, सूज कधीपासून आहे?"

"चार दिस झालं असतील."

"खोटं बोलतीया," तात्या स्टुलावरून म्हणाले. "डॉक्टर, मी तीनदा जोडवी वाढवल्यात हिची. गौरीच्या आधी एकदा, दसऱ्याला एकदा, दिवाळी झाल्यावर एकदा. दर खेपेला गव्हाएवढा तुकडा."

बाईंनी पेन थांबवलं. "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

तात्यांनी पुन्हा सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "गौरीच्या आधी कुठली नवीन गोळी सुरू झाली होती का?"

मनीषानं गोळ्यांची पिशवी खाटेवर उपडी केली. बाईंनी एकेक पाकीट बाजूला ठेवलं आणि कॅप्सूलचं हातात धरलं. "ही कधीपासून?"

"श्रावणापासनं. नागिणीची हाय."

"दिवसाला किती?"

मनीषा म्हणाली एक. मी म्हणाले दोन. मनीषा माझ्याकडं बघतच राहिली.

"हृदय कमजोर आहे हे त्या डॉक्टरांना सांगितलं होतं?"

मी म्हणाले, "त्यांनी इचारलं हुतं. मी न्हाय म्हटलं."

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी समजावलं. ही गोळी वाईट नाही, पुष्कळ लोकांना उपयोगी पडते. पण काही जणांच्या अंगात ती पाणी धरून ठेवते. म्हाताऱ्या माणसाचं हृदय आधीच थकलेलं असलं तर त्याला ते ओझं ओढत नाही. मग पाणी आधी पायात उतरतं आणि शेवटी छातीत भरतं. "फक्त गोळीनं झालं असं मी म्हणणार नाही. हृदय आधीच अधू होतं. गोळीनं ढकललं." मी विचारलं, "मरनार काय मी?" त्या म्हणाल्या, "आज सकाळी मरत होता. आता बघू." असं सरळ बोलणारं माणूस मला आवडतं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मनीषाला म्हणाले, "फोन लाव. आक्काला."

फोन

आक्कानं फोन उचलला तो ओरडतच. "काय गं, मेलीस म्हनत हुते."

"न्हाय अजून. आक्के, त्या नसांच्या गोळ्या किती खातीस?"

"रोज एक. दोनदा चुकल्यात. लई गुण हाय बग, पाय गार पडल्यात माझं."

"गोळी हातात घिऊ नको आता. छातीत पानी झालंय माझ्या त्या गोळीनं."

"तुला सोसली न्हाय म्हनून मी का सोडू? तुझं काळीज तुझं, माझं माझं."

मला धाप लागली. नर्स मास्क लावायला आली, तिला मी हातानं थांबवलं. आक्का लहानपणापासून अशीच. सांगून ऐकत नाही, करून बघते.

"बरं, ऐकू नको. नडगीवर अंगठा दाब. आत्ता दाब, फोन ठिऊ नको."

पलीकडं बांगड्या वाजल्या.

"दाबला."

"खड्डा पडला काय?"

"पडला की."

"भरून येतोय काय?"

मग आक्का हळू म्हणाली, "न्हाय गं." जन्मात तिचा आवाज मी एवढा लहान ऐकला नव्हता.

मी दिलीपला मुरगूडला गाडी घेऊन जायला सांगितलं. तो सकाळपासून माझ्याशी बोलत नव्हता. दारात उभा राहून म्हणाला, "तू मरशील आनि आम्हाला कळायचं बी न्हाय. सगळं पोटात ठेवतीस." मी म्हणाले, "शिव्या आल्यावर दे. आधी जा." तो गेला. दिवस मावळायच्या आत आक्का माझ्यासमोरच्या खाटेवर होती. पिशवीतून भाकरी, ठेचा आणि दह्याचा डबा घेऊन आली होती. नर्सनं सगळं जप्त केलं.

वॉर्ड

सकाळी सहाला वजन. मग रक्त. मग अंगातलं पाणी काढायचं इंजेक्शन, त्यानं दुपारपर्यंत लघवी थांबत नाही. किती झाली ते मोजून लिहितात. लाज पहिल्या दिवशी वाटली, नंतर मीच विचारायची, "किती भरली?" चार दिवसांत पाच किलो वजन उतरलं. पाच किलो पाणी मी पायातून आणि छातीतून वागवत होते आणि त्याला म्हातारपण म्हणत होते.

दिवसाला मोजून पाणी. जेवण बिनमिठाचं. कोल्हापूरच्या माणसाला आळणी आमटी म्हणजे शिक्षाच. मनीषा बर्फाचा खडा फडक्यात धरून ओठांवर फिरवायची. एवढ्याशा खड्यानं माणसाला किती बरं वाटतं, ते तहानलेल्यालाच कळेल.

मनीषानं रोज हुपरीहून एसटीनं ये-जा केली. घरी काम पडून होतं. तिचं तोंड उतरलं होतं, ती एकदा दिलीपवर जिन्यात ओरडली, ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं. आजारी माणूस खाटेवर पडून असतं, वणवण दुसऱ्याची होते. हे मी खाटेवरून बघत होते.

तात्या वेगळेच झाले होते. जेवत नव्हते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मीच वाढवत बसलो. एकदा तरी म्हनायला पायजे हुतं, बाई, पाय दाखव." मी म्हणाले, "तुम्ही कारागीर. डॉक्टर न्हवं. आनि मी ऐकलं असतं काय?" ते म्हणाले, "न्हाय." "मग जेवा जावा." ते जेवायला गेले.

आक्का

पहिले दोन दिवस आम्ही दोघी समोरासमोर बसून भांडलो. तिनं मला सगळ्यांसमोर ऐकवलं, "भनीनं इख दिलं, ते बी लुगड्यात गुंडाळून." मी म्हणाले, "फुकटचं मिळालं की खायाचं, ही तुझी जुनी सवय." वॉर्डातल्या बायका हसायच्या. मी पण हसायची. पण मनात एकच होतं, हिला काही झालं तर ते माझ्या हातानं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या हृदयाचे ठोके बिघडले. यंत्र वाजायला लागलं. पडदे ओढले, खाट हलवली, तिला आयसीयूत नेलं. तिची चप्पल खाटेखाली तशीच राहिली. मला चालायची परवानगी नव्हती. मी नर्सला विचारलं, तिनं सांगितलं, "आजी, आत्ताच काही सांगता येणार नाही."

ते दोन दिवस मी रडले नाही आणि नवसही बोलले नाही. देवाला काय सांगायचं? गोळ्या मी दिल्या होत्या. मी डॉक्टरीणबाईंना बोलावून सगळं नीट सांगितलं. किती पाकिटं दिली, कधी दिली, तिला स्प्रिंग कधी बसवली, साखरेची गोळी कुठली. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हटलं. आधी एका शब्दाचं खोटं बोलून एवढं झालं होतं. आता खरं बोलण्याएवढंच माझ्या हातात होतं, ते मी केलं.

त्याच दोन दिवसांत माझी कॅप्सूल कमी व्हायला लागली. बाई म्हणाल्या, ही गोळी शक्यतो एकदम तोडत नाहीत, उतरवत आणतात. जशी उतरली तशी बरगडीवरची ज्योत परत पेटली. त्यांनी लावायला मलम दिलं, हृदयाला चालेल असं दुसरं औषध बघितलं. फरक पडला, पण पुरता नाही. एकदा तर इतकं झालं की मनीषाला म्हणावंसं वाटलं, घरच्या डब्यात दोन उरल्यात, घेऊन ये. शब्द ओठावर आला होता. समोर आक्काची रिकामी खाट होती. मी मनीषाला म्हणाले, "घरच्या डब्यात दोन उरल्यात, आजच्या आज दवाखान्यात आनून दे." तिनं आणून दिल्या. बाईंनी माझ्यासमोर त्या टाकून दिल्या.

आता

मला घरी येऊन आठ महिने झाले. बरगडी दुखते. रोज दुखते. डाव्या बाजूला पोलकं कापून मऊ धोतराचं अस्तर लावलं आहे, त्यानं बरं पडतं. मनीषानं सुचवलं ते. दुखणं आहे म्हणून मी थांबलेले नाही. सकाळी वजन करते, भिंतीवर लिहिते. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर फोन करायचा, असं सांगितलं आहे. घुंगरं लावायला बसते, पण तासानं उठून फिरते. मीठ चिमूटभर.

गल्लीतल्या बायका विचारायला येतात. त्यांना मी सांगते ते इथंही सांगते. डॉक्टर विचारील त्याचं खरं उत्तर द्या. आपल्या हातानं गोळी वाढवू नका, भिऊन एकदम बंदही करू नका, विचारा. आपली गोळी दुसऱ्याला देऊ नका, सख्ख्या बहिणीला तर नाहीच. नवीन गोळीनंतर पाय सुजले, अंगठ्यानं खड्डा पडला, चालताना धाप लागली, तर ते बसून बसून झालं म्हणू नका. दाखवा. माझ्याएवढं थांबू नका.

आक्का तेव्हा आयसीयूत गेल्यावर तिसऱ्या दिवशी बाहेर आली. ढकलखुर्चीवर बसवून आणली. चेहरा पांढरा, ओठ सुकलेले. मला बघून म्हणाली, "काय बगतीस? चप्पल कुठं हाय माझी?"

ती चौऱ्याहत्तर पार केलेली, मी अडुसष्टची. त्या एका गोळीपायी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो होतो. दोघी जगलो.